पालकांनी नोंद घ्यावी

गणपतकाका स्वतःच्या घरातसुद्धा साधं बोलत नसत, सूचना देत. चहात साखर कमी पडली तर "साखर घाल गो" म्हणून मोकळं व्हावं की नाही? छे! कप खाली ठेवायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "सूचना ऐका. आजच्या चहात साखर कमी हाये. संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित म्हणजे त्यांची मुलगी मंगल, सातवीतली. घरात माणसं दोनच. बायको मंगल लहान असतानाच गेली. मंगल चुलीपुढून ओरडायची, "नोंद घेतली!" आणि साखरेचा डबा घेऊन बाहेर यायची.

पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, नवीन बाई म्हणून माझी फिरकी घेतायत. पण नाही! मी जायला उठले तसे काका माझ्या आधी अंगणात आले आणि समोर कोणीही नसताना मोठ्यानं म्हणाले, "शाळेच्या बाई निघाल्या हायेत. शेजाऱ्यांनी कुत्रा बांधावा." शेजारच्या दारातून खरोखर एक हात बाहेर आला आणि कुत्र्याला मानगुटीला धरून आत घेऊन गेला. मी हसावं की आभार मानावेत, मला कळेना.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी शहापूरची. नोकरी लागली ती शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर, टेंभखोर नावाच्या गावात. किन्हवलीपर्यंत एसटी, पुढं जीप मिळाली तर जीप, नाहीतर देवानं दिलेले पाय. शाळा सातवीपर्यंत. मुख्याध्यापक शेवाळे गुरुजी साताऱ्याकडचे, बदलीवर आलेले. तोंडानं तिखट, पण पोराला ठेच लागली की आधी हेच पळायचे.

आमच्या शाळेचं मोठं दुखणं एकच होतं. पालकांना काही कळवायचं तर कळवायचं कसं? पोरांबरोबर चिठ्ठी दिली तर ती ओढ्यात होडी होऊन जायची. तोंडी निरोप दिला तर 'गुरुवारी सभा' हे घरी पोचेपर्यंत 'गुरुवारी सुट्टी' व्हायचं, आणि गुरुवारी सभेला पालक सोडा, पोरंच नसायची. यावर गावानं काढलेला उपाय म्हणजे गणपतकाका.

काकांचा धंदा लाऊडस्पीकरचा. हळद असो, बारसं असो, सत्यनारायण असो, काकांचा भोंगा आधी. शाळेचं काम मात्र ते फुकट करत. फुकट म्हणजे नुसतं फुकट नव्हे, हट्टानं. एम-एटी गाडीच्या मागच्या सीटवर बॅटरी बांधलेली, पुढं हँडलला भोंगा, एका हातात माईक. जिथं गाडी चढत नाही त्या वरच्या वाडीला हा माणूस भोंगा खांद्यावर मारून पायी चढायचा. गुरुजी त्यांना दोन ओळी लिहून देत. काका त्या दोन ओळी वाचत आणि मग स्वतःच्या दहा घालत. खरी मजा त्या दहा ओळींची.

"सूचना ऐका हो सूचना! सोमवारपासून सहामाही परीक्षा. पोरांना भात कापायला नेऊ नये. न्यायचंच आसंल तर पेपर झाल्यावर न्यावं, भात कुठं पळून जात नाय!"

"शनिवारी पालकांची सभा. उपस्थिती प्रार्थनीय हाये. प्रार्थनीय म्हंजे यायलाच पायजे. गुरुजी पाया पडतायत आसं समजा!"

गुरुजी हे शाळेत बसून ऐकत आणि कपाळावर हात मारून घेत. "मी कुठं पाया पडलो वो, बाई?"

स्नेहसंमेलनाच्या वेळची सूचना तर अजून माझ्या कानात आहे. "नाटकात ज्यांची पोरं झाड झाली हायेत, त्यांनी हिरवा कपडा धाडावा. ज्यांची पोरं राजा झाली हायेत त्यांनी गावात रुबाब करू नये. पुढल्या साली ती पन झाडच होनार हायेत!"

पण काकांची एक खोड भयंकर होती. ते नाव घेऊन सूचना देत. मी एकदा सहज त्यांच्यापाशी बोलून गेले, तिसरीतल्या एका पोराच्या डोक्यात फार उवा झाल्यात, त्याच्या वडलांना जरा सांगा. संध्याकाळी अख्खं टेंभखोर ऐकतंय, "तुकाराम! तुझ्या पोराच्या डोक्यात उवा हायेत. बाईंनी बघितल्यात. राकेल लावू नको, मागल्या टायमाला लावलंस नि पोरगं दोन दिवस बोंबलत व्हतं!"

दुसऱ्या दिवशी तुकाराम शेतातून तसाच कोयता हातात घेऊन शाळेत हजर. योगायोगानं काकाही तिथंच होते, गुरुजींकडून पुढची सूचना घ्यायला आलेले. तुकाराम ओरडला, "काका, गावाला सांगायची काय गरज व्हती? मला एकट्याला सांगता येत नव्हतं?"

काका शांतपणे म्हणाले, "तुला एकट्याला सांगितलं आस्तं तर तू इसरला आस्तास. आता गाव तुला इसरू देनार नाय."

आणि झालंही तसंच. तुकाराम विहिरीवर गेला की बाया विचारणार, 'उवा गेल्या का रे?' दुकानात गेला की दुकानदार विचारणार. आठवडाभरात पोरगं तेल लावून, भांग पाडून, चकचकीत डोक्यानं शाळेत आलं. तुकारामनं काकांशी बोलणं टाकलं ते पुढच्या हळदीपर्यंत. हळदीला भोंगा लागतोच, मग काय करतो?

तर असे आमचे काका. आता त्या वर्षाकडं येते, ज्या वर्षी आठवीचं प्रकरण झालं.

सातवी झाली की गावातली मुलं किन्हवलीच्या हायस्कुलात जायची. मुली जायच्या नाहीत. जीपच्या मागं लोंबकळत पोरीला कोण पाठवणार? पावसाळ्यात ओढा भरला की परत कशी येणार? मग सातवीचा निकाल लागला की मुलगी शेळ्यांमागं, भाताच्या लावणीला, आणि चारदोन वर्षांत बोहल्यावर. त्या वर्षी आमच्या सातवीत मुलगेच कमी आणि मुलीच जास्त होत्या. हुशार, चुरूचुरू बोलणाऱ्या. मंगल त्यांच्यातच. गावानं टेंभखोरलाच आठवीचा वर्ग मिळावा म्हणून कधीचा अर्ज केलेला. आणि एके दिवशी ठाण्याहून निरोप आला, शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येतायत. पालकांना खरंच वर्ग हवा आहे का, मुलींना ते पाठवणार का, हे साहेब समक्ष विचारणार. पालक दिसले तर वर्ग मिळेल. नाही दिसले तर यंदा विषय संपला.

काकांना हे कळलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं! दिवसातून दोनदा फेरी. "सायेब येनार हो! आठवी येनार! पोरींनो, आभ्यासाला लागा. पालकांनो, तुमी पन आभ्यासाला लागा, सायेब तुमची परीक्षा घेनार हायेत!" बाया पाणी भरताना आठवीबद्दल बोलायला लागल्या. शेंबडी पोरं रस्त्यात 'आठवी येनार' म्हणून नाचायला लागली. गुरुजी मला म्हणाले, "बापाचं काळीज हाय, बाई. लेकीसाठी धावतोय." गावही हेच म्हणत होतं. मलाही तेच वाटलं. एकुलती एक पोर, डोळ्यांसमोर शिकावी असं कुठल्या बापाला वाटणार नाही?

आणि मग गुरुजींनी तो घोळ घातला.

ठाण्याहून तारीख विचारणारा निरोप आला तेव्हा गुरुजींनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सोमवार. आकडा काळा, म्हणजे सुट्टी नाही. 'ठीक आहे, या' असं त्यांनी लगोलग कळवून टाकलं. कोणाला विचारलं नाही, पुसलं नाही. त्या आकड्याखाली बारीक अक्षरात पौष पौर्णिमा छापलेली होती. पण साताऱ्याच्या माणसाला त्या पौर्णिमेचं काय?

आमच्याकडं पौष पौर्णिमा म्हणजे म्हशाची जत्रा! मुरबाडच्या पुढं म्हसा गाव आहे, तिथं त्या दिवशी सगळा मुलूख लोटतो. बैल घ्यायचे तिथं, विकायचे तिथं. घोंगडी तिथली. सासरी गेलेली लेक आईला भेटणार ती तिथं. पोरापोरींची लग्नं जुळायची ती तिथल्याच गर्दीत. आमच्या भागात त्या दिवशी माणूस आजारीसुद्धा पडत नाही, आणि गुरुजींनी पालकसभा ठेवली!

काकांनी तारीख ऐकली आणि ते शाळेच्या पायरीवर मटकन बसले.

"गुरुजी, ही तारीख कोनी दिली?"

"मी दिली. का?"

"त्या दिशी म्हसा हाय."

"मग? एक दिवस जत्रा सोडली तर काय बिघडलं? पोरींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

"गुरुजी," काका म्हणाले, "आमचा मानूस लगीन सोडंल, पन म्हसा नाय सोडनार."

गुरुजींचा चेहरा पडला. त्याच दिवशी ते किन्हवलीला जाऊन ठाण्याला फोन करून आले. तिकडून उत्तर मिळालं, साहेबांना सगळा जिल्हा फिरायचा आहे, आता बदल होणार नाही, जमत नसेल तर पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी! तोवर आमच्या सातवीच्या पोरी शेळ्यांमागं गेलेल्या असणार. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. मीच त्यांना धीर देत होते.

काका घरोघर फिरले. लोक ऐकून घ्यायचे आणि हसायचे. "काका, बैल इकायचाय, तो काय सभेला आनू?" "काका, पोरगी येनारे सासरहून, तिला काय सांगू?" पार्वतीबाई म्हणून एक ठसकेबाज म्हातारी होती. ती म्हणाली, "सायबालाच सांगा ना, जत्रंला या! आमी तिथंच हाव."

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मी शाळेत आले तर गाव ओस. कुत्रीसुद्धा कुठं गेली होती कोण जाणे. शाळेपुढं मुलींनी रांगोळी काढलेली, सतरंज्या अंथरलेल्या, आणि त्या सतरंज्यांवर तीन म्हातारे. त्यातले दोघं ऊन खायला आलेले. मंगल धावत आली आणि म्हणाली, "बाई, बाबा पहाटेच भोंगा घेऊन म्हशाला गेले."

गुरुजी खुर्चीत कोसळले. "घ्या! हा पण गेला जत्रंला! आता कुणाचं नाव घ्यायचं, सांगा!"

दुपार व्हायला आली तेव्हा साहेबांची जीप आली. साहेब आधीच वैतागलेले. मुरबाडला बैलगाड्यांच्या गर्दीत जीप अडकून पडली होती. उतरले, रांगोळी पाहिली, सतरंज्या पाहिल्या, म्हातारे पाहिले.

"पालक कुठायत?"

गुरुजी वाकून सतरंजी सरळ करायला लागले. शेवटी मीच बोलून गेले, "साहेब, जत्रेत आहेत."

"जत्रेत! मग आठवी कोणासाठी मागताय? या तिघांसाठी?"

साहेब परत जीपकडं वळले. मला काय झालं कोण जाणे, एरवी साहेब लोकांपुढं माझा आवाज निघत नाही, पण मी आडवीच गेले. म्हटलं, "साहेब, तुम्हाला परत मुरबाडवरूनच जायचंय ना? तिथून म्हसा फार लांब नाही. पालकांना इथं नका बघू, तिथं बघा. एकदा बघा आणि मग काय ते ठरवा." गुरुजी माझ्याकडं असे पाहत होते की बाईला उन्हानं भोवळ आली की काय.

माझ्या मदतीला कोण यावं? जीपचा ड्रायव्हर! तो हळूच म्हणाला, "साहेब, वहिनींनी म्हशाची घोंगडी आणायला सांगितलीय. विसरलो तर माझ्यावर येईल." साहेबांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बसा."

पुढं साहेब, मागं मी, गुरुजी आणि मंगल. मंगल रस्ताभर खिडकीतून डोकं काढून बघत होती. म्हसा जवळ आलं आणि गर्दी सुरू झाली. रंगवलेल्या शिंगांचे बैल, उडणारी धूळ, घोंगड्यांचे ढीग, जिलबीचा वास, पाळण्यांचा करकराट. जीप मुंगीच्या पावलानं चाललेली. आणि त्या सगळ्या कल्लोळावरून एक आवाज आला. मंगल किंचाळली, "बाबा!"

जत्रेत हरवलेल्या माणसांसाठी एक मांडव असतो, तिथून माईकवर पुकारा होतो. तिथल्या माणसाचा घसा सकाळीच बसला होता म्हणे. काकांनी भोंगा आणि गळा दोन्ही पुढं केले, आणि मांडव ताब्यात घेतला.

"हरवले हायेत हो, हरवले हायेत! टेंभखोर गावचे पालक हरवले हायेत! वर्न उन्हानं रापलेला, अंगात नवा सदरा नायतर नवं लुगडं, हातात बैलाचा कासरा नायतर जिलबीचा पुडा. पोरींना शाळेत सोडून हे पालक घरनं निघून गेले हायेत. ज्या कोनाला सापडतील त्यांनी त्यांना हाताला धरून देवळामागच्या चिंचंखाली आनून सोडावं! पोरी वाट बघतायत!"

साहेबांनी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली.

"तुकाराम! घोंगडीवाल्याशी घासाघीस पुरे कर. तो कमी करनार नाय, मी बघतोय कवापासून! पार्वतीबाई, पाळन्यातून खाली उतरा. वय काय, चाललंय काय!"

अख्खी जत्रा हसत होती. आणि गंमत म्हणजे लोक खरंच माणसं पकडून आणत होते. कोणी मिठाईवाला एकाचा हात धरून ओढतोय, "चल, तू टेंभखोरचा ना? तुझा पुकारा चाललाय." कोणी बांगडीवाली दोन बायांना पुढं घालून आणतेय. एक गृहस्थ सारखे ओरडत होते, "अवो, मी नाय टेंभखोरचा, मी सरळगावचा!" आणि पकडणारा म्हणत होता, "आसू दे, बस तितं. तुला पोरी नायत काय?"

चिंचेखाली पोचलो तर गावचं गाव तिथं जमलेलं. काकांनी बैल वाहणारा एक ट्रक पटवला होता. त्यात सगळ्यांना घालून सभेला टेंभखोरला न्यायचा त्यांचा बेत! अर्धे पालक ट्रकमध्ये चढलेले, अर्धे बैलांच्या जागी बसायला नको म्हणून भांडतायत, पार्वतीबाई मधोमध ठाण मांडून बसलेल्या. तेवढ्यात काका मांडवातून धावत आले आणि समोर साहेबांची जीप! काकांच्या हातातला माईक खाली पडला. मग तोच उचलून, वायर ओढत, ते साहेबांपुढं आले. "सायेब, सभा तिकडं न्यायला निघालो व्हतो."

साहेब म्हणाले, "राहू द्या. इथंच घेऊ."

अशी सभा मी परत पाहिली नाही. साहेब एका घोंगड्यांच्या गाठोड्यावर बसलेले, मागं बैल हंबरतायत. साहेबांनी विचारलं, "जत्रा सोडून आला नाहीत, मग आठवी कशाला हवी?"

मग वरच्या वाडीची भिमा उभी राहिली. ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर भिवंडीकडं वीटभट्टीवर जात. जत्रेपुरती ती मुलुखात आली होती. डोक्यावरचा पदर घट्ट ओढून ती म्हणाली, "सायेब, आमी भट्टीवर जातो. पोरीला संगं नेली का शाळा गेली. म्हनून माझी सखू आजीजवळ ठेवते. सातवीपर्यंत आली ती अशीच आली. गावात आठवी आसंल तर आजून ठेवीन. किन्हवलीला नाय धाडू शकत. मग भट्टीवर न्यावी लागंल, सायेब. विटा उचलायला." एवढं बोलून ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिच्यामागं एकेक बाई उठून बोलायला लागली. तुकाराम बोलला. पार्वतीबाईसुद्धा बोलल्या, नातीसाठी.

साहेब म्हणाले, "मुलींना आठवीला पाठवणाऱ्यांनी हात वर करा." असे हात वर झाले की काय सांगू! चिंचेखालचे तर झालेच, आजूबाजूच्या बैलवाल्यांचेही झाले. साहेबांनी एका मोठ्या मिशीवाल्याला विचारलं, "तुमची कोण मुलगी?" तो म्हणाला, "पोरगी नाय सायेब, बैल हायेत. पन शाळा झाली पायजे!" साहेब हसले, अगदी पोट धरून हसले, आणि तिथंच गुरुजींना म्हणाले, "मी शिफारस करतो." गुरुजींनी सगळ्यांसमोर काकांना मिठी मारली. मंगल उड्या मारत होती. मी तर चक्क रडत होते, आणि हातात कोणीतरी दिलेली जिलबी.

उन्हाळ्यात परवानगी आली. त्या दिवशी काकांनी गावाला किती फेऱ्या मारल्या देव जाणे, बॅटरी बसली तेव्हाच थांबले. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर ते वायर गुंडाळत बसले होते. मी आनंदात म्हटलं, "काका, जिंकलात! आता मंगल डोळ्यांसमोर राहील तुमच्या."

काका वायर गुंडाळतच म्हणाले, "मंगल जूनला कल्यानला जाते, बाई. तिच्या मामाकडं."

"आता? आता कशाला?"

"आता नाय ठरलं. तिची आई जाताना भावाकडनं शब्द घेऊन गेली, पोर तुझ्याकडं कल्यानला शिकंल. मोठ्या शाळेत. मामा दर वर्साला आठवन करतो. मी कसा मोडू?"

"मग काका, हा सगळा आटापिटा कोणासाठी केलात? सगळं गाव म्हणत होतं मंगलसाठी..."

काकांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बाई, सगळ्या पोरींचा मामा कल्यानला कुठं आसतो?"

वायरचं भेंडोळं खांद्याला लावून ते निघून गेले. मी कितीतरी वेळ त्या ओट्यावर बसून होते. लाज नाही, पण काहीतरी फार मोठं आपल्या शेजारून गेलं आणि आपल्याला दिसलंच नाही, असं काहीतरी वाटत होतं.

जूनमध्ये मंगल गेली. काकाच तिला किन्हवलीला एसटीत बसवून आले. शाळेत खोली कमी पडली, म्हणून आठवी भरली गावच्या देवळाच्या सभामंडपात. मुली नव्या गणवेशात कशा दिमाखात चालायच्या! काका सूचना द्यायला यायचे, द्यायचेही, पण आता लवकर घरी जायचे नाहीत. शाळा सुटल्यावरही ओट्यावर बसून राहायचे. एकदा मी त्यांच्या घरावरून जात होते तर अंगणात दाणे टाकत ते कोंबड्यांना सांगत होते, "तांबडीनं आज अंडं दिलेलं नाय. नोंद घ्यावी." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढं गेले.

दिवाळीनंतर आठवीची पहिली पालकसभा होती. गावातले आले, वाडीवरचे जे कोणी भट्टीला गेले नव्हते तेही आले. गुरुजींनी शिस्त लावलेली. दारात मी बसायचं, पालकानं यायचं, कोणत्या मुलीच्या नावानं आलो ते सांगायचं आणि सतरंजीवर जाऊन बसायचं. सगळे येऊन बसले. काका मात्र बाहेर, आंब्याला बांधलेल्या भोंग्याखाली उभे.

मी उठून गेले. "काका, चला ना आत."

"नको बाई. पालकांची सभा हाये."

"मग?"

"मी आता पालक नाय," काका म्हणाले आणि उगाचच भोंग्याची दोरी तपासायला लागले. "माझं पोर नाय ना शाळेत."

काहीही म्हटलं तरी ते खोटंच वाटणार होतं. तेवढ्यात मागून भिमाची सखू आली. दोन वेण्या, हाताला शाई. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "बाई, माझं कोन नाय आलं. आई-बा भट्टीवर हायेत नि आजीला चालवत नाय. काकांना माझ्या नावावर बसवा."

गुरुजी आतूनच ओरडले, "बसवा की! प्रत्येक पोरीचं माणूस पाहिजे, नियम आहे!" असा काही नियम नव्हता. माणूस तिखट, पण सांगितलं ना मी.

काका आत आले. टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसले. सखूचं नाव त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. सभाभर ते एक शब्द बोलले नाहीत. गुरुजी हजेरीचं बोलले, वह्यांचं बोलले, लोक विचारत होते, हसत होते, आणि काका मान हलवत नीट ऐकत होते.

सभा संपली. पालक एकेक करून माझ्या टेबलापाशी येऊन आपापल्या मुलीची चौकशी करून गेले. सगळे गेल्यावर काका पुढं आले. टोपी हातातच होती. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून ते माझ्याकडं वाकले आणि म्हणाले, "बाई, सखूचं गनित कच्चं हाये म्हनतात. घरी काय करून घेऊ?"